जीपचें कूळ आणि मूळ

ऋषीचें कूळ आणि नदीचें मूळ शोधूं नये, असें आपल्याकडे वडील माणसें सांगत आलीं आहेत. इतिहासाचा धंदा करणाऱ्यास हा उपदेश पाळतां येत नाहीं. पाळला तर त्याचें पोट चालावयाचें नाहीं. तरीहि एखाद्या मोटारगाडीचें कूळ शोधण्याचा प्रसंग आमच्यासारख्या पुस्तकी माणसावर यावा, हें कांहींसें नवलच. पंचवीस-तीस वर्षें आम्हीं विद्यार्थ्यांना तह, सनदा आणि करारनामे शिकविले. गाडीच्या बॉनेटखालीं काय असतें हें पाहण्याची वेळ आमच्यावर फारशी आली नाहीं, आणि आली तेव्हां गाडी बंद पडलेली होती.

प्रसंग असा घडला. आमचे एक स्नेही नोकरींतून मोकळे होऊन रत्नागिरी जिल्ह्यांतील आपल्या वाडवडिलांच्या बागेंत राहावयास गेले. बाग डोंगराच्या उतारावर. तेथपर्यंतची वाट म्हणजे पावसाळ्यांत ओढा आणि उन्हाळ्यांत धोंडे. तेव्हां चारहि चाकांना इंजिनाची ओढ असलेली, आडवाटेला न डगमगणारी एखादी लहानशी गाडी घ्यावी, असें त्यांनीं ठरविलें. २०२३ सालच्या जून महिन्यांत सुझुकीची जिम्नी ही गाडी पांच दारांच्या रूपानें भारतांत विक्रीस आली होती. स्नेह्यांची कन्या जपानांत आणि चिरंजीव जर्मनींत असल्यामुळें त्यांनीं हौसेनें तिन्ही देशांचीं माहितीपत्रकें मिळविलीं आणि एका रविवारीं तीं आमच्या टेबलावर मांडलीं. जपानी पत्रकांतील जिम्नी ३३९५ मिलिमीटर लांब, तिचें इंजिन ६५८ घनसेंटिमीटरचें आणि शक्ति ६४ घोड्यांची. जर्मन पत्रकांतील जिम्नीचें इंजिन १४६२ घनसेंटिमीटरचें, म्हणजे दुपटीहून मोठें. पण तिच्यांत आसनें दोनच, आणि मागें मालाची जागा. भारतीय जिम्नीचें इंजिन जर्मन गाडीएवढेंच, मात्र लांबी ३९८५ मिलिमीटर, दारें पांच आणि माणसें चार. “नांव एक, तोंडवळा एक, आणि गाडी मात्र तीन ठिकाणीं तीन तऱ्हांची! तुम्ही इतिहासाचे लोक याला काय म्हणतां?” असें त्यांनीं विचारलें.

आम्हीं त्या दिवशीं, अडचणींत सांपडलेल्या प्राध्यापकास सुचतें तसें उत्तर देऊन वेळ मारून नेली. देशोदेशींचें हवामान निराळें, रस्ते निराळे, तेव्हां गाडीहि निराळी, असें कांहीं तरी आम्ही बोलून गेलों. स्नेही गेल्यावर हें उत्तर आमचें आम्हांसच टोंचूं लागलें. जर्मनींतील डोंगरवाटांचें मागच्या बाकाशीं काय वांकडें असावें? आणि जपानची माती अशी कोणती, कीं तिच्यावर ६५८ घनसेंटिमीटरांहून मोठें इंजिन चालूं नये? पत्रकांतील आंकडे हवामानानें लिहिलेले नव्हते, एवढें उघड होतें. ते कोणीं लिहिले हें पाहण्यासाठीं आम्ही या गाड्यांच्या मूळ पुरुषाकडे वळलों, आणि पुढचे कित्येक महिने जुनीं मागणीपत्रकें, कारखान्यांचे इतिहास आणि कज्ज्यांचे निकाल वाचण्यांत गेले. त्यांतून जें हातीं लागलें तें वाचकांपुढें ठेवीत आहों.

जीप ही कोणा एका शोधकाच्या डोक्यांतून निघालेली गाडी नव्हे. ती एका सरकारी कागदांतून निघाली. १९४० च्या जूनमध्यें फ्रान्स पडलें आणि जर्मन सैन्याचा वेग पाहून अमेरिकन सेनाधिकारी चपापले. टेहळणीसाठीं त्यांच्याजवळ घोडे होते आणि मोटार-सायकली होत्या. पैकीं घोडा मंद आणि मोटार-सायकल चिखलांत पांगळी. ११ जुलै १९४० रोजीं त्यांच्या पुरवठा-खात्यानें १३५ कारखानदारांकडे एक मागणीपत्रक धाडलें. गाडीच्या चारहि चाकांस ओढ असावी. दोन आंसांमधील अंतर ७५ इंचांहून अधिक नसावें. समोरची कांच आडवी पाडली म्हणजे उंची ३६ इंच भरावी. ६०० पौंड ओझें तिनें वाहावें. आणि इतकें सगळें करून तिचें स्वतःचें वजन १३०० पौंडांच्या आंत, म्हणजे सुमारें ५९० किलो असावें. पहिला नमुना ४९ दिवसांत हजर करावा आणि ७० गाड्यांची खेप ७५ दिवसांत पुरी करावी. १३०० पौंडांचा हा आंकडा कोणीं कसा काढला असेल याचा आम्हीं पुष्कळ विचार केला. रुतलेली गाडी चार शिपायांनीं हातांनीं उचलून बाहेर काढावी, एवढाच त्यामागें हिशेब असावा असा आमचा तर्क आहे. पोलादाचा हिशेब मात्र त्यांत नव्हता. १३५ कारखानदारांपैकीं दोघांनींच या पत्रकास उत्तर दिलें, आणि त्यांतहि मुदत पाळण्याची हमी एकानेंच दिली.

तो एक म्हणजे पेनसिल्व्हानिया संस्थानांतील बटलर गांवचा अमेरिकन बँटम हा कारखाना. इंग्लंडांतील ऑस्टिनच्या चिमुकल्या गाडीवरून तो अमेरिकेंत लहान गाड्या करी. मोठ्या गाड्यांच्या देशांत त्यांना गिऱ्हाईक मिळेना, आणि १९४० सालीं कारखाना दिवाळें निघण्याच्या बेतांत होता. गाडीचे नकाशे काढावयास त्यांच्याजवळ कायमचा अभियंतादेखील नव्हता. त्यांनीं डेट्रॉइटहून कार्ल प्रॉब्स्ट नांवाच्या स्वतंत्र धंदा करणाऱ्या अभियंत्यास बोलाविलें, आणि त्यानें जुलैच्या तिसऱ्या आठवड्यांत सुमारें दोन दिवसांत गाडीचा सबंध आराखडा कागदावर उतरविला. वजनाचें कलम पाळणें अशक्य आहे हें त्याला पहिल्या बेरजेंतच कळलें. तरी निविदेंत आंकडा मर्यादेच्या आंतलाच लिहिला गेला. येथें नीतीचा प्रश्न काढणारे काढोत. आम्हांस तर असें वाटतें कीं, अशक्य अट घालणारा आणि ती मान्य आहे असें लिहून देणारा हे दोघेहि एकमेकांस पुरतेपणीं ओळखून होते. २३ सप्टेंबर १९४० रोजीं सायंकाळीं पांचची मुदत होती. त्या दिवशीं प्रॉब्स्ट आणि त्याचे सोबती बटलरहून ती गाडी स्वतः हांकीत बाल्टिमोरजवळच्या होलाबर्ड छावणींत घेऊन आले, तेव्हां मुदतीला अर्धा तास उरला होता. काट्यावर गाडी १८०० पौंडांच्या वर भरली. छावणींतील अधिकाऱ्यांनीं ती दगडधोंड्यांतून, चिखलांतून आणि उतारावरून यथेच्छ पिटाळली. आणि मग मागणीपत्रकांतील वजनाचें कलमच बदलण्यांत आलें.

यानंतर जें घडलें तें वाचून आमच्यासारख्या तिऱ्हाइताच्या मनालाहि चटका लागतो. एवढ्याशा कारखान्याकडून हजारों गाड्या वेळेवर मिळतील कीं नाहीं, अशी शंका सैन्यास आली. ती अगदींच निराधार नव्हती. तेव्हां बँटमचे नकाशे विलिस-ओव्हरलँड आणि फोर्ड या दोन मोठ्या कारखान्यांना पाहावयास मिळाले, आणि नोव्हेंबरांत त्यांचेहि नमुने छावणींत येऊन उभे राहिले. तिघांनाहि प्रत्येकीं १५०० गाड्या करावयास सांगितलें. वजनाची नवी मर्यादा २१६० पौंडांची ठरली. विलिसची गाडी तिच्याहून कितीतरी भारी होती. पण तिच्या इंजिनांत ६० घोड्यांचें बळ, तर बाकीच्या दोघांच्या इंजिनांत पंचेचाळीसच्या आसपास. विलिसचा मुख्य अभियंता डेल्मर रूस यानें इंजिनास हात न लावतां गाडी तासावयास घेतली. नटाच्या बाहेर डोकावणारीं बोल्टांचीं टोकें त्यानें कापलीं, पत्रा पातळ केला, आणि रंगाचा एकच हात दिला. दुसऱ्या हाताचें वजन मर्यादेंत बसत नव्हतें असें सांगतात. १९४१ च्या जुलैमध्यें १६००० गाड्यांचें कंत्राट विलिसला मिळालें, आणि पुढें त्याच नकाशावरून गाड्या करण्याचा परवाना फोर्डला दिला गेला. दोन आंसांमध्यें ८० इंच, रुंदी ६२ इंच, हें जीपचें प्रसिद्ध माप येथें कायम झालें. फोर्डची गाडी आणि विलिसची गाडी यांचा सुटा भाग न् भाग परस्परांस चालावा अशी अट होती; फोर्डनें ती पाळली, पण आपल्या गाडीच्या बोल्टांच्या डोक्यांवरसुद्धां आपल्या नांवाचें एफ हें अक्षर उमटविल्यावांचून त्याला राहवलें नाहीं! युद्ध संपेपर्यंत दोघांनीं मिळून सुमारें ६ लक्ष ४० हजार जीपगाड्या केल्या. बँटमच्या वांट्यास आल्या अवघ्या २७०० च्या आंतबाहेर. पुढें त्याला जीपच्या मागें जोडावयाच्या छकड्यांचें काम मिळालें. ज्याच्या घरीं मूल जन्मलें, त्याला त्याचा पाळणा सुतारून देण्याची मजुरी मिळाली.

एवढ्यानेंहि भागलें नाहीं. जीप ही आमच्या बुद्धीची निर्मिति, अशा जाहिराती विलिसनें युद्धकाळांत छापल्या, आणि त्यावर अमेरिकेच्या सरकारी व्यापार-आयोगापुढें १९४३ सालीं तक्रार गेली. आयोगाचा निकाल लागला १९४८ सालीं. जीप एकट्या विलिसनें निर्माण केली असें म्हणणें लोकांची दिशाभूल करणारें आहे, आणि तिच्या कल्पनेचें श्रेय बँटमला व सैन्यांतील अधिकाऱ्यांना आहे, असें आयोगानें ठरविलें. निकाल न्यायाचा होता खरा, पण तो लागला तोंपर्यंत बँटमनें गाड्या करणें केव्हांच सोडलें होतें. आणि दोनच वर्षांनीं, १९५० सालीं, जीप हें नांव व्यापारचिन्ह म्हणून विलिसच्याच मालकीचें झालें. नांवाची व्युत्पत्तीहि अशीच वादाची आहे. फोर्डच्या सांकेतिक अक्षरांत जी म्हणजे सरकारी आणि पी म्हणजे ८० इंची अंतराची गाडी. त्या दोन अक्षरांचा उच्चार घाईनें केला कीं जीप होतें, असें एक मत. १९३६ सालापासून पॉपाय खलाशाच्या चित्रकथेंत वावरणाऱ्या, कोठेंहि जाऊं शकणाऱ्या जीप नांवाच्या प्राण्यावरून शिपायांनीं तें उचललें, असें दुसरें. भाषेचा अनुभव असलेल्यांस दुसरें मत अधिक पटावें. शिपाई संक्षेपांपेक्षां थट्टेनेंच नांवें ठेवतात.

याच वेळीं इतर सैन्यांनीं काय मागितलें हें पाहण्यासारखें आहे. जर्मनांची क्यूबेलवागन ही गाडी फर्डिनांड पोर्शे यानें लोकांच्या फोक्सवागनवरून बेतली. इंजिन मागें, तें हवेनें निवणारें, ९८५ घनसेंटिमीटरचें आणि अवघ्या चोवीसेक घोड्यांचें. ओढ फक्त मागच्या दोन चाकांस. कागदावर जीपपुढें ती बापुडी दिसते. पण तिचें वजन सव्वासातशें किलो, तळ सपाट, आणि चाकांच्या तुंब्यांपाशीं जादा दांतेरी चक्रें बसवून तिचें पोट जमिनीपासून उंच उचललेलें. त्यामुळें दोन चाकांवरहि ती रशियाच्या चिखलांतून आणि आफ्रिकेच्या वाळूंतून निभावून गेली. वाळवंटांत पाणी न मागणारें इंजिन म्हणजे केवढी सोय! अशा सुमारें ५० हजार गाड्या झाल्या. रशियनांनीं बँटमविषयीं वाचलें, चित्रें पाहिलीं, आणि विताली ग्राचेव्ह या अभियंत्यानें १९४१ च्या मार्चपर्यंत आपला नमुना उभा केला. त्याच्या इंजिनाचें मूळ फोर्डच्याच जुन्या इंजिनांत होतें; आकार मोठा, बळ बेताचें, पण हलक्या प्रतीचें पेट्रोल पचविणारें. सैन्यानें डाव्या-उजव्या चाकांमधील अंतर सव्वा मीटर सांगितलें होतें. तें इतकें अरुंद ठरलें कीं, गाडी उतारावर कलंडूं लागली, आणि १९४३ च्या सुधारित गाझ-६७ मध्यें तें जवळ जवळ दीड मीटर करावें लागलें. अमेरिकनांजवळ पेट्रोल, पोलाद आणि कारखाने यांचा सुकाळ होता. जर्मनांजवळ एक तयार लोकगाडी होती. रशियनांजवळ हलकें इंधन आणि मोठें इंजिन होतें. ज्याच्या कोठारांत जें होतें, तेंच त्याच्या पत्रकांत उतरलें.

युद्ध संपल्यावर हीच गाडी शेतावर गेली, आणि येथें आमच्या मतें कथेचा सर्वांत मनोरंजक भाग सुरू होतो. रोव्हर कंपनीचा मुख्य अभियंता मॉरिस विल्क्स याची वेल्समधील अँगल्सी बेटावर शेती होती, आणि शेतावर एक जुनी लष्करी जीप. ती मोडली तर तिच्या जागीं दुसरी कोणती आणावी, हा त्याचा घरगुती प्रश्न. त्याचा भाऊ स्पेन्सर कंपनीचा व्यवस्थापक. दोघां भावांनीं १९४७ सालीं जीपच्याच सांगाड्यावर पहिला नमुना बांधला. सुकाणूचें चाक त्यांनीं मधोमध बसविलें, म्हणजे डाव्या हातानें चालविणारे देश आणि उजव्या हातानें चालविणारे देश असा भेदच उरूं नये. ही युक्ति पुढें सोडून द्यावी लागली. मध्यें बसलेल्या माणसास हातानें इशारा करतां येईना. ३० एप्रिल १९४८ रोजीं ॲमस्टरडॅमच्या प्रदर्शनांत लँड रोव्हर जगापुढें आली, तेव्हां तिच्या दोन आंसांमधील अंतर होतें बरोबर ८० इंच. वारसा इतका उघड होता कीं तो कोणीं लपविलाहि नाहीं. पण तिचें अंग ॲल्युमिनियमच्या मिश्र धातूचें, कारण पोलाद इंग्लंडांत मोजून मिळत होतें आणि निर्यात करणाऱ्यास आधीं मिळे; आणि रंग हिरवा, कारण विमानांसाठीं केलेला रंग शिल्लक पडला होता. इंजिनाच्या ओढीवर कडबाकापणी किंवा लांकूडकापणीचें यंत्र चालवितां येईल अशी सोय ठेवली. आज लोक त्या ॲल्युमिनियमचें आणि त्या हिरव्या रंगाचें जें कौतुक करतात, त्याचा उगम हा असा टंचाईंत आहे. आणखी एक गोष्ट आम्हीं टिपून ठेवली आहे. शेतीची गाडी म्हणून लँड रोव्हरला खरेदी-कर माफ होता. त्याच वर्षीं तिच्यावर सुबक बंदिस्त डोलारा चढवून बैठी आवृत्ति काढली, तेव्हां ती प्रवासी गाडी ठरली, कर लागला, किंमत चढली आणि सातशेंसुद्धां गाड्या खपल्या नाहींत. मागणीपत्रक लिहिणारा हात येथें बदललेला दिसतो. १९४० सालीं तो सेनाधिकाऱ्याचा होता. १९४८ सालीं त्याच्या शेजारीं करखात्याचा कारकून येऊन बसला.

जपानची गोष्ट थोडक्यांत आटोपतों. कोरियाच्या युद्धामुळें १९५० सालीं तेथें राष्ट्रीय पोलीस राखीव दल उभें राहिलें आणि त्याला जीपसारखी गाडी हवी झाली. कंत्राट मिळालें मित्सुबिशीला, कारण तिनें विलिसचा परवाना घेऊन खुद्द विलिस जीपच पुढें केली. टोयोटानें आपल्या मालमोटारीचें सहा नळकांड्यांचें इंजिन घालून केलेली गाडी १९५१ च्या जुलैमध्यें फुजी पर्वताच्या सहाव्या टप्प्यापर्यंत चढली, आणि मग पोलिसांनीं तिच्या २८९ गाड्या मागविल्या. तिला टोयोटा जीप म्हणत. विलिसच्या हक्काला बाध येतो म्हणून १९५४ सालीं नांव बदलून लँड क्रूझर केलें. नांव उसनें होतें तें टाकलें; इंजिन आणि नकाशा स्वतःचा होता तो राहिला.

आतां आपल्याकडे वळूं. मुंबईंतील महिंद्र आणि महंमद ही पेढी १९४५ सालची. फाळणीनंतर तिच्यांतील भागीदार मलिक गुलाम महंमद पाकिस्तानांत गेले, तेथें पहिले अर्थमंत्री आणि पुढें गव्हर्नर-जनरल झाले. १९४८ सालीं पेढीच्या नांवांत महंमदच्या जागीं दुसरा महिंद्र आला. स्वातंत्र्याच्या सुमारास माझगांवांत विलिसच्या सुट्या भागांची जुळणी सुरू झाली. त्याच दिवसांत जीप हा शब्द आपल्या राजकारणांतहि शिरला. १९४८ सालीं व्ही. के. कृष्ण मेनन हे लंडनला उच्चायुक्त असतांना सैन्यासाठीं जीपगाड्यांचा जो करार झाला, त्यांतील १५५ गाड्याच बंदरांत उतरल्या आणि त्याहि सैन्याच्या पसंतीस उतरल्या नाहींत. संसदेंत पुष्कळ गाजून १९५५ सालीं सरकारनें तें प्रकरण मिटलें असें जाहीर केलें. त्या प्रकरणाचा न्यायनिवाडा करणें हें आमचें काम नव्हे. पण माल पाहिल्यावांचून कागदावर विसंबणें, ही त्यांतील गोष्ट होलाबर्ड छावणीच्या अगदीं उलट होती.

१९५२ सालीं सामूहिक विकास योजना सुरू झाली आणि जीप खेडोपाडीं पोंचली. आमच्या लहानपणीं तालुक्याच्या गांवीं धुरळा उठला म्हणजे मामलेदार किंवा गटविकास अधिकारी आले असें मुलें ओळखीत. विलिसनें १९५३ सालीं उंच बॉनेटची जी जीप काढली, ती अमेरिकेंत १९६८ सालीं बंद झाली. आपल्याकडे तिची संतति पुढेंहि कित्येक दशकें निघत राहिली. तिच्यांत ट्रॅक्टरचें डिझेल इंजिन बसलें, मग फ्रेंच पूझोचें बसलें. सांगाडा लांबला, मागें दोन बाकें समोरासमोर आलीं. साताऱ्या-सांगलीकडे जिला वडाप म्हणतात आणि मराठवाड्या-विदर्भांत काळी-पिवळी, ती हीच. चार शिपायांसाठीं आंखलेल्या गाडीच्या वंशजांत पंधरा माणसें, बाजाराचीं गाठोडीं आणि मागच्या पायरीवर लोंबकळणारा किन्नर, हें माप कोणत्याहि मागणीपत्रकांत सांपडणार नाहीं. तरी आमच्या मतें भारतानें जीपला घातलेली स्वतःची अशी अट हीच: माणसें अधिक बसावीं आणि डिझेल थोडें लागावें. चारहि चाकांची ओढ तर पुष्कळ ठिकाणीं काढूनच टाकली. खर्च वांचे आणि बाजाराच्या रस्त्याला ती लागतहि नसे. सैन्यानें मात्र ती सोडली नाहीं. १९६९ पासून जबलपूरला निसानच्या नकाशावरून जोंगा होऊं लागली, ती १९९९ पर्यंत. १९८५ सालीं मारुतीची जिप्सी आली आणि ती पुढें सैन्यांतहि रुजली.

येथें दुःखाची बाजूहि सांगितली पाहिजे. सत्तर वर्षें आपण एका परक्या नकाशाची जोपासना केली. त्यांत बदल केले, पण तोंडवळा तोच ठेवला. त्याचें फळ काय मिळालें तें पाहा. २०१८ सालीं महिंद्रनें रॉक्सर नांवाची, केवळ शेतांत व आडरानांत चालवावयाची गाडी अमेरिकेंत मिशिगन संस्थानांतील ऑबर्न हिल्स येथें जुळवून विकावयास काढली. जीपचें नांव तोंवर अनेक हात फिरून ज्या कंपनीकडे आलें होतें, तिचें अमेरिकेंतील ठाणेंहि ऑबर्न हिल्स येथेंच! तिनें वॉशिंग्टनच्या आंतरराष्ट्रीय व्यापार आयोगाकडे फिर्याद केली कीं, हा चेहरा आमचा आहे. २०२० च्या जूनमध्यें निकाल महिंद्रच्या विरुद्ध गेला आणि गाडीचें तोंड बदलावें लागलें. कायद्याचें आम्हांस फारसें कळत नाहीं. निकाल त्यांच्या कायद्याप्रमाणें बरोबरहि असेल. पण इतिहासाच्या विद्यार्थ्यास एवढें आठवल्यावांचून राहत नाहीं कीं, जीपच्या चेहऱ्यावरील ती पत्र्याची उभ्या फटींची जाळी मुळांत विलिसची नव्हतीच. विलिस लोखंडी पट्ट्या जोडून जाळी करी. पत्र्यांत एकाच ठोक्यानें नऊ फटी पाडण्याची स्वस्त रीत फोर्डनें काढली, आणि विलिसनें ती उचलली. गाडी बँटमची, जाळी फोर्डची, नांव शिपायांचें किंवा चित्रकथेचें. आणि मालकी ज्याच्याजवळ कागद होता त्याची.

स्नेह्यांच्या तीन पत्रकांचा उलगडा आतां कठीण नाहीं. जपानांत छोट्या गाड्यांस कर कमी, म्हणून तिला कायद्यानें मर्यादा घातलेल्या आहेत: लांबी ३.४ मीटर, रुंदी १.४८ मीटर, इंजिन ६६० घनसेंटिमीटर. आणि ६४ घोड्यांपलीकडे जावयाचें नाहीं असा कारखानदारांचा आपसांतला संकेत. १९७० सालची पहिली जिम्नी तर याहून कडक मर्यादेंत जन्मली. तेव्हां इंजिन ३६० घनसेंटिमीटरांच्या आंत आणि लांबी तीन मीटरच्या आंत लागे. जादा चाक मागें टांगलें तर गाडी लांब होई, म्हणून तें आंत घेतलें, आणि त्यापायीं एका माणसाची जागा गेली. गाडी तिघांची झाली. तिचाहि मूळ नकाशा सुझुकीचा नव्हे. होप नांवाच्या एका छोट्या कारखान्याकडून तो विकत घेतलेला. बँटमची आठवण व्हावी अशीच ही गोष्ट, मात्र येथें निदान किंमत मोजली गेली. युरोपांत धुराचे नियम आड आले. कारखान्याच्या प्रवासी गाड्यांनीं सरासरीनें किलोमीटरला ९५ ग्रॅमांहून अधिक कर्बवायु सोडूं नये, अशी मर्यादा तेथें २०२० सालापासून लागली. जिम्नी त्याच्या दीडपटीहून अधिक सोडी. मालगाड्यांस मर्यादा १४७ ग्रॅमांची होती. तेव्हां २०२१ पासून मागचें बाक काढून जिम्नीला मालगाडी करण्यांत आलें. वेल्समधील लँड रोव्हर शेतकऱ्याची राहिली तर कर माफ, आणि जर्मनींतील जिम्नीनें मालगाडीचें सोंग घेतलें तर धूर माफ; ७३ वर्षांच्या अंतरानें तोच कारकून तीच शाई वापरतो आहे. भारतांत २००६ सालीं अंदाजपत्रकानें चार मीटरांची रेघ ओढली, आणि पेट्रोल इंजिनास १२०० व डिझेल इंजिनास १५०० घनसेंटिमीटरांची. २०२० सालची महिंद्रची थार ही ३९८५ मिलिमीटरांची, आणि भारतीय जिम्नीहि ३९८५ मिलिमीटरांचीच. दोघीहि रेघेच्या पंधरा मिलिमीटर अलीकडे थबकल्या आहेत. पैकीं जिम्नीचें इंजिन १२०० च्या वर असल्यामुळें सवलत तिच्या पदरांत पडली नाहींच. थारची गोष्ट याहून गमतीची. २०२३ सालीं तिची एक स्वस्त जात निघाली. तिचें डिझेल इंजिन १५०० च्या आंतलें, आणि ओढ फक्त मागच्या दोन चाकांस. जीपच्या घराण्यांत हें व्हावें, म्हणजे क्यूबेलवागननें दुसऱ्या दारानें घरांत यावें तसें झालें.

यांत एक गोष्ट मात्र आम्हांस सुखावून गेली. पांच दारांची जिम्नी गुरुग्रामच्या कारखान्यांत होते. ३० जानेवारी २०२५ रोजीं ती जपानांत जाहीर झाली, आणि चार-पांच दिवसांत सुमारें ५० हजार मागण्या येऊन नोंदणी थांबवावी लागली. आपल्याकडे मात्र तिचा खप बेताचाच. ज्या जपानी माणसाच्या घरीं लांबीची मर्यादा पिढ्यान्‌पिढ्या पाळली गेली, त्यालाच ३४० मिलिमीटरांची ही भारतीय वाढ हवीशी वाटली. स्नेह्यांच्या कन्येनें नोंदणीच्या त्या गर्दीचें वर्णन वडिलांना कळविलें, आणि त्यांनीं तें आम्हांस मोठ्या अभिमानानें वाचून दाखविलें, जणु कांहीं तो कारखाना त्यांच्याच बागेंत होता.

ही सगळी हकीकत आम्हीं त्यांना सविस्तर लिहून पाठविली. त्यांचें उत्तर चार ओळींचें आलें. बागेकडे जाणाऱ्या वाटेच्या दोन्ही बाजूंस चिऱ्यांचे गडगे आहेत. त्यांमधील अंतर त्यांनीं स्वतः टेप धरून मोजलें, तें पावणेसहा फूट भरलें. थारची रुंदी सहा फुटांच्या घरांत, तेव्हां ती बाद. जिम्नी पांच फूट पांच इंच. आरसे मिटून घेतले तर जाते. जुनी लष्करी जीप पांच फूट दोन इंच, म्हणजे सर्वांत सोयीची, असें आमच्याच पत्रावरून त्यांच्या ध्यानांत आलें होतें, आणि देवरुखच्या बाजूला एका माणसाकडे तशी एक चालू स्थितींत आहे असें ऐकून ते दुसऱ्या दिवशीं टेप घेऊन तिकडे जाणार होते.